किड्स ऑरेंज रेड: घरच्या बागेतील एका सफरचंदाचे परीक्षण

माझ्या बागेतील किड्स ऑरेंज रेड जातीच्या सफरचंदाच्या झाडाला यंदा बारा वर्षे पूर्ण झाली. या काळात त्याने मला टोपल्या भरून फळे दिली आणि दोन हंगामांत जवळजवळ रिकाम्या हातांनीही परत पाठवले. विक्रीसाठी नव्हे, तर झाडावरून उतरवून, चिरून तसेच खाण्यासाठी एखादे सफरचंद लावू पाहणाऱ्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. चवीच्या बाबतीत या जातीच्या तोडीची फळे मी फार थोडी खाल्ली आहेत. मात्र ती सावलीत रुसते, जोडीदार चुकला तर फळच धरत नाही आणि विरळणीचा, म्हणजे जादा कोवळी फळे खुडण्याचा, कंटाळा करणाऱ्या माणसाला दरवर्षी लिंबाएवढी फळे देऊन गप्प बसते.

खरे तर हे माझे दुसरे झाड. पहिले याच नावाने एका रोपवाटिकेतून मागवले होते. चार वर्षे त्याला पाणी घातले, छाटले, काठीला बांधले आणि पाचव्या वर्षी त्याला फळे आली तेव्हा ती ऑगस्टमध्येच पिकून गळू लागली. किड्स ऑरेंज रेड उत्तर गोलार्धात ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास तोडणीस येते, हे मला तोवर पाठ झाले होते. फळ कापले तर सालीखाली गुलाबी झाक, गर मऊ आणि दोन दिवसांत पिठूळ. चिठ्ठी एका जातीची आणि झाड दुसऱ्याच कुठल्या तरी लवकर येणाऱ्या जातीचे, हे उघड झाले. रोपवाटिकेने नवे कलम बिनतक्रार पाठवले, पण गेलेली पाच वर्षे पाठवण्याची सोय कोणाकडेच नसते. म्हणून कलम घेताना त्यावर जातीबरोबर खुंटाचेही, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधले आहे त्याचेही, नाव लिहिलेले आहे का, हे पाहावे आणि ती चिठ्ठी बागेच्या वहीत चिकटवून ठेवावी. नुसते ‘लाल सफरचंद, बुटके झाड’ असे लिहिणाऱ्या विक्रेत्याकडे फिरकू नये.

सफरचंदाच्या बाबतीत नावाला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की या फळाचे बी आईसारखे झाड कधीच देत नाही. एका फळातील पाच बिया पेरल्या तर पाच निरनिराळी झाडे येतात आणि त्यांतील बहुतेकांची फळे खाण्यालायकही नसतात. त्यामुळे प्रत्येक नामांकित जात म्हणजे मुळात एकच झाड असते आणि त्याच्या फांद्यांची कलमे करत करत ते पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवलेले असते. किड्स ऑरेंज रेडचे हे मूळ झाड न्यूझीलंडमधील वायरारापा भागातल्या ग्रेटाउन येथे जेम्स हटन किड या बागायतदाराने १९२४ साली वाढवले. कॉक्स ऑरेंज पिपिन या इंग्लंडमधील जातीची चव आणि डेलिशस या अमेरिकी जातीचा रंग एका फळात आणावा, असा त्याचा प्रयत्न होता. आरंभी त्याने या संकराला दोन्ही नावे जोडून ‘डेल्को’ असे नाव दिले होते. आजचे नाव नंतरचे.

या दोन पालकांविषयी थोडे सांगितले नाही तर फळाचा स्वभाव कळणार नाही. कॉक्स ऑरेंज पिपिन ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या पश्चिमेला कोलनब्रूक येथे रिचर्ड कॉक्स या निवृत्त मद्यनिर्मात्याने बियांपासून वाढवलेली जात असून चवीच्या बाबतीत आजही तिचा दाखला दिला जातो. पण झाड म्हणून ती अत्यंत नाजूक आहे. स्कॅब (पानाफळांवर डाग पाडणारी बुरशी), भुरी, कँकर (फांदीची साल खचवणारा रोग) यांपैकी जे आवारात शिरेल ते प्रथम कॉक्सच्या झाडावर दिसते. हवा फार तापली की फळ बिघडते आणि फार गारठली की मोहोर जळतो. दुसरीकडे डेलिशस ही आयोवा राज्यात जेसी हायेट याच्या शेतावर आपोआप उगवलेल्या झाडापासून आलेली जात. तिचे झाड दणकट आणि फळ गोड होते; पुढे अधिकाधिक लाल दिसणारी फांदी निवडून तिचीच कलमे करण्याचा सपाटा लागला आणि दिसायला देखणे पण खायला निराश करणारे फळ दुकानांत भरले. किडने डेलिशस वापरली ती ही घसरण पुरी होण्यापूर्वीची, हे आपले नशीब.

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. किड्स ऑरेंज रेड आणि गोल्डन डेलिशस यांच्या संकरातून किडच्याच कामातून गाला ही जात निर्माण झाली आणि जगभरच्या दुकानांत आज जे गुळगुळीत, एकसारख्या आकाराचे, पिवळ्यावर लाल रेघांचे सफरचंद दिसते ते तिचेच. म्हणजे लेकीने बाजार जिंकला आणि आई मागे राहिली. आईच्या सालीवर जागोजागी तपकिरी, खरबरीत डाग असतात, आकार किंचित लांबट आणि कधी कधी एका बाजूला फुगलेला असतो, दोन फळे सहसा सारखी दिसत नाहीत. फळे पेटीत रचून विकणाऱ्याला यातील प्रत्येक गोष्ट दोष वाटते. घरच्या माणसाला मात्र यातील एकाही गोष्टीने काही बिघडत नाही आणि माझ्या मते घरच्या बागेसाठी जात निवडण्याचे पहिले सूत्र इथेच आहे: जे फळ दुकानात सहज आणि चांगल्या अवस्थेत मिळते ते अंगणात लावण्यात जागा घालवू नये. गालाचे झाड लावणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही, पण पाच वर्षे थांबून शेवटी दुकानातलीच चव हाती आली तर तो उद्योग कशासाठी, हा प्रश्न मला पडतो.

आता चवीविषयी. झाडावरून नुकतेच उतरवलेले फळ चाकूने अर्धे केले की पाते गरात शिरताना कट्‌ असा आवाज येतो आणि कापलेल्या कडेवर रसाचे बारीक थेंब उभे राहतात. गर शुभ्र नसून सायीच्या रंगाचा, घट्ट आणि बारीक कणांचा आहे. पहिल्या घासाला गोडी पुढे येते, तिच्या मागोमाग आंबटपणा येतो आणि घास संपल्यावर नाकात एक फुलासारखा सुवास राहतो, ज्याला मला नेमका शब्द सापडलेला नाही. तोडणीच्या दिवशी हा सुवास अगदी पुसट असतो. फळे गार जागी दोन-तीन आठवडे अढी घातल्यासारखी ठेवली की आंबटपणा उतरतो, साल हाताला किंचित तेलकट लागते आणि पेटीचे झाकण उघडताच वास खोलीभर पसरतो. या जातीचे फळ तोडल्या दिवशी चाखून तिला ठीकठाक म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना त्याच पेटीतील फळ महिन्याभराने दिले तेव्हा त्यांनी जात कोणती म्हणून विचारले. दोष सांगायचा तर साल जाड आणि थोडी चिवट आहे. लहान मुलांना आणि दात अधू असलेल्यांना फळ सोलून द्यावे लागते.

कॉक्सशी तुलना केली तर कॉक्सच्या उत्तम फळात जो आंबटपणाचा कस आणि सुक्यामेव्यासारखी खोली असते ती इथे थोडी कमी आहे आणि गोडी अधिक आहे. मात्र माझ्या कॉक्सच्या झाडाने दहा वर्षांत अशी उत्तम फळे दोनदाच दिली, तर किड्सने विरळणी केलेल्या प्रत्येक हंगामात दिली. हनीक्रिस्प या मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली बाजारात आणलेल्या जातीचा करकरीतपणा वेगळाच असतो, हे मान्य. तिच्या गराच्या पेशी मोठ्या असल्याने घास तुटताच रस तोंडात उडतो. पण सुवासाच्या बाजूने ती मला फिकी वाटते आणि गरात कडवट तपकिरी ठिपके पडण्याचा, म्हणजे बिटर पिटचा, त्रास तिला फार. एग्रेमाँट रसेट आणि ॲशमीड्स कर्नल या खरबरीत सालीच्या जुन्या जाती ज्यांना आवडतात त्यांना किड्स फार गोड वाटेल. हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही.

जात निवडण्यापूर्वी हवामान पाहावे लागते. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर त्याची सुप्तावस्था नीट मोडत नाही. कळ्या मागेपुढे फुटतात, फांद्या उघड्या राहतात आणि फळधारणा विस्कटते. बहुतेक जुन्या जातींना साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खालचे ८०० ते १,००० तास लागतात आणि किड्स ऑरेंज रेडलाही खराखुरा हिवाळा हवा असतो. ज्यांच्याकडे हिवाळा नावापुरताच असतो त्यांनी तिच्या मोहात पडू नये. त्यांच्यासाठी ॲना किंवा डॉर्सेट गोल्डन यांसारख्या ३०० तासांच्या आसपासच्या थंडीत फुलणाऱ्या जाती आहेत आणि त्या दोन एकमेकींना परागही पुरवतात. थंडीइतकेच ऊन महत्त्वाचे. माझ्या झाडाची पश्चिमेकडची बाजू एका भिंतीच्या सावलीत येते. त्या बाजूची फळे दरवर्षी हिरवट राहतात, लहान राहतात आणि चवीला निव्वळ पाणचट लागतात. एकाच झाडावरच्या दोन फळांत इतका फरक पडतो हे मी स्वतः पाहिले नसते तर मला पटले नसते.

खुंटाची निवड ही जातीच्या निवडीइतकीच मोठी गोष्ट आहे, पण नवखा माणूस तिच्याकडे लक्षच देत नाही. कलमाचा वरचा भाग फळ ठरवतो आणि खालचा खुंट झाडाची उंची, फळावर येण्याचा काळ आणि जमिनीचा त्रास सोसण्याची ताकद ठरवतो. इंग्लंडमधील केंट परगण्यात १९१३ साली स्थापन झालेल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने जुन्या, गोंधळलेल्या खुंटांची छाननी करून त्यांना क्रमांक दिले. ‘एम’ हे अक्षर मॉलिंगचे. ‘एमएम’ ही मालिका ईस्ट मॉलिंग आणि मर्टन येथील संस्थेने मिळून तयार केली आणि तिच्यात नॉर्दर्न स्पाय या जातीकडून लोकरी मावा या किडीचा प्रतिकार आणला. एम २७ वर झाड दीड-दोन मीटरच वाढते, पण त्याला चांगली जमीन आणि सतत लाड लागतात. एम ९ वर झाड अडीच-तीन मीटरचे होते आणि तिसऱ्या वर्षीच फळते. मात्र त्याची मुळे ठिसूळ असल्याने जन्मभर आधाराची काठी लागते. एमएम १०६ चे झाड चार मीटरच्या घरात जाते आणि हलक्या जमिनीतही तग धरते, पण पाणी साचणाऱ्या जागेत त्याच्या बुंध्याला सड लागते. मी एम २६ घेतला, जो एम ९ आणि एमएम १०६ यांच्या मधला आहे. शिडीवाचून फळे काढता येतात आणि झाड अंगावर येत नाही. माझी चूक एवढीच झाली की पाचव्या वर्षी मी काठी काढून टाकली. भरलेल्या फळांनिशी झाड एका वादळी रात्री पंधरा अंशांनी कलले आणि अजून तसेच आहे.

लावणीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. उघड्या मुळांचे कलम झाड झोपेत असताना लावावे, कलमाचा सांधा जमिनीपासून एक वीतभर वर ठेवावा, नाही तर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटून खुंटाचा परिणामच नाहीसा होतो. बुंध्याभोवती मीटरभर घेरात पहिली काही वर्षे गवत वाढू देऊ नये. जिथे जुने सफरचंदाचे झाड काढले असेल नेमक्या त्याच खड्ड्यात नवे लावू नये.

परागीभवनाने मात्र मला खरे शहाणपण शिकवले. ही जात स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. तिला त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात लागते. चवीची आवड असलेला माणूस साहजिकच शेजारी कॉक्स लावतो आणि मीही तेच केले. दोन्ही झाडे एकाच आठवड्यात फुलली, मधमाश्या दिवसभर घोंगावत होत्या, झाडाखाली पाकळ्यांचा सडा पडला आणि जूनमध्ये मोजली तेव्हा किड्सच्या अख्ख्या झाडावर अकरा फळे होती. पुढच्या वर्षी तोच प्रकार झाला. कारण समजायला मला बराच काळ लागला. सफरचंदात स्वतःचा पराग ओळखून नाकारण्याची एक जनुकीय यंत्रणा असते. परागकणाची खूण फुलाच्या खुणेशी जुळली तर परागनलिका कुक्षीवृंतातच अडवली जाते आणि बीजांडापर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक जातीत अशा दोन खुणा असतात. किड्स ही कॉक्सचीच संतती असून दोहोंच्या खुणा जुळतात, त्यामुळे ती एकमेकींना परकी वाटतच नाहीत. नावे दोन, झाडे दोन, पण परागाच्या हिशेबात घरातलीच माणसे.

तिसऱ्या वर्षी मी एक जुना उपाय केला. एका रानसफरचंदाच्या झाडाच्या फुललेल्या सात-आठ फांद्या कापून आणल्या, पाण्याने भरलेल्या बादलीत उभ्या केल्या आणि ती बादली किड्सच्या फांद्यांमध्ये टांगली. पाणी दोनदा बदलले, एवढेच कष्ट. त्या हंगामात बादलीच्या बाजूला फळांचे घोस लागले आणि पलीकडची बाजू जवळजवळ रिकामी राहिली. परागाचा दोष असल्याचा याहून स्वच्छ पुरावा मला नको होता. त्यानंतर डिस्कव्हरी या लवकर पिकणाऱ्या जातीचे एक झाड दहा मीटरवर लावले आणि ते फुलेपर्यंत बादली चालू ठेवली. डिस्कव्हरीचा दुसरा फायदा असा की तिची फळे ऑगस्टमध्येच खायला मिळतात आणि किड्सची वाट पाहणे सुसह्य होते. जेम्स ग्रीव्हही चालते. ब्रॅम्ली, जोनागोल्ड, ब्लेनहाइम ऑरेंज या त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या) जाती मात्र जोडीदार म्हणून निरुपयोगी आहेत, कारण त्यांचा पराग फारसा जिवंत नसतो. त्या घेतात, देत नाहीत. कलम विकणाऱ्याने ही जोडीची अडचण यादीत एका ओळीत जरी लिहिली असती तरी माझे दोन हंगाम वाचले असते.

परागाची सोय झाली की उलट संकट येते. एकेका घोसात पाच-सहा फळे धरतात आणि झाड ती सगळी पोसायला बघते. जूनच्या सुमारास काही आपोआप गळतात, पण तेवढ्याने भागत नाही. गळ संपल्यावर मी लहान कात्री घेऊन बसतो. घोसातील मधले फळ बहुधा सर्वांत मोठे असते, पण त्याचा देठ आखूड आणि आकार बेढब असतो, म्हणून आधी ते काढतो. मग कीड लागलेली, वाकडी, सावलीतली. आणि शेवटी घोसात एकच फळ राहील आणि दोन फळांत साधारण वीतभर अंतर राहील अशा बेताने बाकीची. पहिल्या वर्षी हे करताना हात कापत होता. झाडाखाली अक्रोडाएवढी दोन-अडीचशे फळे पडलेली पाहून घरातून ‘अहो, झाडावर काही ठेवणार आहात की नाही?’ अशी विचारणाही झाली. पण ज्या वर्षी मी दया दाखवली त्या वर्षी फळे गालाच्या निम्म्याने भरली, चव उतरली आणि त्याच्या पुढच्या वर्षी झाडाने मोहोरच धरला नाही.

हे एकाआड एक वर्ष फळणे योगायोगाने होत नाही. पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या झाड याच उन्हाळ्यात तयार करते आणि त्याच वेळी कोवळ्या फळांतील बियांमधून जिबरेलिन नावाचे संप्रेरक पाझरत असते, जे शेजारच्या कळीला फूल होऊ देत नाही. जितकी फळे, तितक्या बिया, तितकी पुढच्या वर्षीची फुले कमी. म्हणून विरळणी उशिरा करून उपयोग नाही. फळे मोठी होतील, पण कळ्यांचा निर्णय तोवर झालेला असतो.

छाटणीच्या बाबतीत ही जात सोपी आहे. ती आखूड फळकाड्यांवर फळते, त्यामुळे भिंतीवर आडव्या फांद्या पसरून किंवा तिरप्या एकदांडी झाडाच्या रूपात वाढवणाऱ्यांनाही ती सोयीची आहे. हिवाळ्यात मधला भाग मोकळा ठेवावा, उन्हाळ्याच्या अखेरीस सरळ वर गेलेले फुटवे खुडावेत, एवढे पुरते.

रोगांच्या बाबतीत तिने कॉक्सकडून सगळे उचललेले नाही, हे मोठे सुख. माझ्याकडे स्कॅबचे डाग पावसाळी वसंतात थोड्या पानांवर दिसतात. शेजारच्या कॉक्सची पाने त्याच आठवड्यात काळवंडतात. स्कॅबची बुरशी जमिनीवर पडलेल्या पानांत हिवाळा काढते आणि २० अंशांच्या आसपासच्या हवेत पाने नऊ-दहा तास ओली राहिली तरी तिला पुरते. त्यामुळे शरद ऋतूतील पानगळ झाडून नेणे आणि झाडातून वारा खेळता ठेवणे हे औषधाआधीचे उपाय. कँकर मात्र तिला लागतो. माझ्या झाडाच्या एका जाड फांदीवर साल खचून, तडकून वर्तुळे पडली होती; निरोगी लाकूड दिसेपर्यंत मागे कापत गेलो तेव्हा जवळजवळ सगळीच फांदी गेली. ओलसर, चिकट मातीत हा रोग बळावतो, तेव्हा पाणी साचणाऱ्या जागेत ही जात लावू नये. फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगाच्या अळीसाठी मी उन्हाळ्यात बुंध्याला नालीदार पुठ्ठ्याचा पट्टा गुंडाळतो. कोष करायला अळ्या त्याच्या घडीत शिरतात आणि हिवाळ्यात पट्टा जाळून टाकता येतो. तरी दहात एक फळ किडके निघते. किडका भाग कापून उरलेले खाता येत असेल तर घरच्या बागेत याहून अधिक लढाई करण्यात मला अर्थ वाटत नाही.

तोडणीची वेळ ठरवताना लाल रंगावर विश्वास ठेवू नये, कारण ही जात पिकण्याच्या बरीच आधी लाल होते. लाल डागांच्या मागचा मूळ रंग हिरव्याकडून पिवळ्याकडे वळला का, ते पाहावे. फळ तळव्यात घेऊन हलकेच उचलावे आणि किंचित पिळावे; देठ न ओढता सुटला तर तयार. खात्री हवी असेल तर फळ आडवे कापून त्यावर आयोडीनचे पातळ द्रावण लावावे: जिथे स्टार्च शिल्लक असेल तिथे गर निळा-काळा होतो आणि जिथे त्याची साखर झाली असेल तिथे तसाच राहतो. संपूर्ण काळे पडणारे फळ कच्चे, संपूर्ण कोरे राहणारे टिकणार नाही. बियांभोवतीचा भाग कोरा आणि सालीकडचा निम्मा भाग काळा, अशा अवस्थेत मी साठवणीची फळे उतरवतो. सगळी एकदम कधीच नाही. उन्हाकडची आधी, बाकीची आठवड्या-दहा दिवसांच्या अंतराने दोन फेऱ्यांत.

साठवणीसाठी कागदात एकेक गुंडाळून, उथळ पेटीत एकाच थरात, गार आणि किंचित दमट जागी ठेवतो. शून्याच्या थोडेसे वरचे तापमान उत्तम. ठेचलेले किंवा देठ तुटलेले एकही फळ पेटीत जाऊ देत नाही, कारण खराब होणारे फळ इथिलीन वायू सोडून शेजाऱ्यांनाही घाईने पिकवते. डिस्कव्हरीची फळे तर त्या खोलीतही ठेवत नाही. असे केल्यास जानेवारीपर्यंत गर करकरीत राहतो. त्यानंतर सुवास टिकतो, पण घास मऊ पडतो.

ज्यांना वसंतापर्यंत पुरणारे फळ हवे आहे, ज्यांच्याकडे दुसऱ्या झाडाला जागा नाही आणि आसपास कोणाचे सफरचंदाचे झाडही नाही किंवा ज्यांचे अंगण अर्धा दिवस सावलीत असते, त्यांना मी ही जात सुचवणार नाही. एकच झाड आणि किमान उपद्रव हवा असणाऱ्यांनी स्कॅबला दाद न देणाऱ्या लिबर्टी किंवा टोपाझचा विचार करावा. आजूबाजूला पराग मिळत असेल तर त्या कमी कुरकुर करतात. मी स्वतः येत्या हिवाळ्यात किड्सचे आणखी एक झाड लावणार आहे. या खेपेला खुंट एम ९, जागा दक्षिणेच्या उन्हातली, काठी कायमची आणि डिस्कव्हरी हाकेच्या अंतरावर. भिंतीकडच्या कलत्या झाडाच्या सावलीतील फांदीवर मात्र मी जेम्स ग्रीव्हची काडी भरली आहे. तिचा सांधा आता जुळला असून त्यावर या वसंतात चार पाने फुटली आहेत.